रंगभवनानंतरचे गाणे

गाण्याचा इतिहास म्हटला की घराणी आणि गवई आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु गाणे ज्या जागेत होते तिलाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा गाण्याचे भवितव्य ती जागाच ठरवते. मुंबईच्या रॉक संगीताची हकीगत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९७८ साली सुरू झालेली ‘जाझ यात्रा’ तेथे रंगली. १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या आठवणीही ह्याच जागेशी निगडित आहेत. आरंभी आपली मुले परदेशी गाणी हुबेहूब म्हणण्यात धन्यता मानीत. पुढे ‘रॉक मशीन’ ह्या मुंबईच्या बँडने १९८८ साली स्वतः रचलेल्या गाण्यांचा संग्रह काढला आणि १९९३ साली ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. अनुकरणातून निर्मितीकडे जाण्याचा हा प्रवास उघड्या आकाशाखाली, हजारो तरुणांसमोर झाला.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या शेजारी झेवियर महाविद्यालय, जवळच कामा रुग्णालय. तेथील गाणे थांबले. हा नियम अन्यायाचा होता असे आम्ही म्हणणार नाही; रुग्णाच्या झोपेची किंमत कोणत्याही गाण्याहून अधिक आहे. ह्याच नियमांमुळे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या बैठकीही संपल्या. पण त्या महोत्सवामागे १९५३ पासूनची परंपरा होती, संस्था होती. त्याने वेळ बदलली आणि तो टिकला. गिटार घेऊन आलेल्या मुलांच्या मागे असे कोणीच नव्हते.

मग हे गाणे उपाहारगृहांत आणि मद्यगृहांत गेले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारातले ‘ब्लू फ्रॉग’ २००७ ते २०१६ चालले. पुण्यात २०१० पासून ‘एनएच७ वीकेंडर’सारखे मोठे मेळे भरले. अलीकडे आम्ही अशा काही लहान मैफलींना मुद्दाम जाऊन आलो. पोरे स्वतःची गाणी गातात, त्यांत आता मराठी शब्दही ऐकू येतात. पुढे उभे असलेले पंचवीस-तीस जण जीव ओतून ऐकतात. मागे मात्र ताटल्यांचा खडखडाट आणि गप्पा चाललेल्या असतात. तिकिटावर खाण्यापिण्याचा खर्च चढतो, आणि वसतिगृहातला विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. श्रोता असा घडत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कोणीही येऊन बसावे आणि ऐकावे अशी जागा मिळाली म्हणून तेथे वक्त्यांबरोबर श्रोतेही तयार झाले. आज गावोगावी नगरपालिकांची नाट्यगृहे आहेत. आठवड्यातल्या कित्येक संध्याकाळी ती रिकामी असतात. त्यांतील एक संध्याकाळ अल्प भाड्यात ह्या मुलांना द्यावी. बंद दारांमुळे शेजाऱ्यांची झोपही मोडणार नाही. त्यांचे गाणे आपल्याला रुचेल की नाही, हे ऐकल्यावर ठरवू. आधी ते ऐकायला बसण्याची सोय तरी होऊ द्या.