सिद्धेश्वर यात्रेतील प्रतीके

सिद्धेश्वर यात्रा ही सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांची मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी यात्रा होय. ती 'गड्डा यात्रा' या नावानेही ओळखली जाते. यात्रेतील बहुतेक विधी एका प्रतीकात्मक विवाहाशी निगडित आहेत.

आख्यायिका
सिद्धरामेश्वर हे १२व्या शतकातील शिवयोगी व कन्नड वचनकार असून महात्मा बसवेश्वरांचे समकालीन होते. सोलापूरचे तत्कालीन नाव सोन्नलगी असे होते. तेथे त्यांनी तलाव खोदविला व ६८ लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा व्यक्त केली. योगी असल्याने त्यांनी स्वतः विवाह न करता आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास तिला अनुमती दिली, अशी कथा आहे.

नंदीध्वज
मिरवणुकीतील सात उंच काठ्यांना नंदीध्वज म्हणतात. नंदी हे शिवाचे वाहन असल्याने ही काठी शिवाचा ध्वज ठरते. आख्यायिकेनुसार ती योगदंडाचेही प्रतीक आहे. म्हणूनच वराप्रमाणे तिला बाशिंग बांधतात, वस्त्रे व हार चढवितात. काठी पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी परिधान करतात. पहिल्या नंदीध्वजाचा मान हिरेहब्बू घराण्याकडे आहे. इतर मानकऱ्यांमध्ये देशमुख घराण्याबरोबरच लिंगायत माळी, मातंग इत्यादी समाजांचा समावेश होतो.

विधी व त्यांचे अर्थ
यण्णीमज्जन : कन्नडमध्ये 'यण्णी' म्हणजे तेल व 'मज्जन' म्हणजे स्नान. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने ६८ लिंगांना तैलाभिषेक केला जातो. विवाहापूर्वी देवतांना दिलेले हे आमंत्रण मानले जाते.

अक्षता : भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर सुगडीपूजन व संमतीवाचन होते आणि उपस्थित भाविक अक्षता टाकतात. मातीचे सुगड वधूच्या कुंभारघराची आठवण देते. 'संमती' या शब्दातून योग्याने दिलेली अनुमती सूचित होते.

होम : संक्रांतीच्या रात्री बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून व सौभाग्यलेणी चढवून ती कुंभारकन्या मानली जाते आणि अग्नीस अर्पण केली जाते. कथेतील तिच्या अग्निप्रवेशाचे हे प्रतीक आहे. या वेळी नंदीध्वजास नागफणा बांधतात. त्यानंतर दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य ठेवून त्याच्या हालचालींवरून आगामी वर्षाच्या पाऊसपाण्याचे भाकीत केले जाते. यास भाकणूक म्हणतात.

कप्पडकळ्ळी : नंदीध्वजांवरील वस्त्रे उतरविण्याचा हा विधी होय. याने विवाहसोहळ्याची व यात्रेतील धार्मिक विधींची सांगता होते.

महत्त्व
योग्याचे वैराग्य व कन्येची निष्ठा ही परस्परविरोधी भासणारी मूल्ये या प्रतीकांत एकत्र नांदतात. वर प्रत्यक्ष उपस्थित नसतो. त्याच्या जागी काठी असते व ती पेलण्याचा मान विविध समाजांत विभागलेला आहे. विधींची कन्नड नावे मराठी भाषक भाविकांच्याही नित्य बोलण्यात असून, त्यांतून सोलापूरच्या सीमावर्ती द्विभाषिक संस्कृतीचा प्रत्यय येतो.