पिकअप मूळचा की बदललेला? इलेक्ट्रिक गिटारमधील एका वादाचा इतिहास

१/८ इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार कंपली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. हाच पिकअप. कारखान्यातून आलेला ठेवावा की नवा बसवावा, हा वाद साधारण पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला.

२/८ एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये विजेच्या उपकरणांची घरघर शिरते. १९५५ मध्ये गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून ती घरघर नाहीशी केली. हा ‘हमबकर’. त्याच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे; तिच्या आद्याक्षरांवरून ‘पीएएफ’ हे नाव पडले.

३/८ आज पूजले जाणारे हे पिकअप एकसारखे नव्हते. वेढ्यांची संख्या कमीअधिक होई, चुंबकांची प्रतही बदले. ‘मूळ आवाज’ कारखान्यातच अनेक प्रकारचा होता.

४/८ १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने घेतली. १९६९ मध्ये गिब्सनचीही मालकी बदलली. दर्जा घसरल्याची तक्रार वादकांत रूढ झाली. शिवाय रॉकला अधिक जोरकस, फाटलेला आवाज हवा होता.

५/८ १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यांनी ‘सुपर डिस्टॉर्शन’ आणला. चुंबक सिरॅमिकचा, आवाज दणदणीत. आकार मात्र हमबकरचाच. त्यामुळे लाकूड न कोरता तो जुन्या जागी बसे. त्याच दशकात सीमोर डंकन यांनीही कॅलिफोर्नियात व्यवसाय उभारला.

६/८ एडी व्हॅन हॅलेन यांनी फेंडरच्या धाटणीच्या गिटारीत गिब्सनचा हमबकर बसवला. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर असंख्य तरुणांनी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला.

७/८ मग सीमारेषाच पुसली. १९८७ ची इबानेझ ‘जेम’ कारखान्यातूनच डिमार्झिओचे पिकअप घेऊन आली. उलट, डंकन यांच्या कंपनीने वृद्ध सेथ लव्हर यांना सोबत घेऊन त्यांचाच जुना हमबकर नव्याने घडवला.

८/८ आज सोल्डरचा जुना सांधा उकललेला दिसला, की संग्राहक त्या गिटारीची किंमत कमी करतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो सांधा जपून वाचावा. त्या वादकाला कारखान्याने दिलेला आवाज पुरेसा वाटला नाही, याचा तो अस्सल पुरावा आहे. आणि असे पुरावे ‘मूळ रूपात आणण्याच्या’ हौसेपायी नष्ट होतात.