पावसाचा ऊस कसा झाला

परवा बाबांनी आजोबांची डायरी टाईप करून ईमेलने पाठवली. आजोबा कोणते शब्द जास्त वापरत ते पाहावं म्हणून मी पायथनमध्ये दोन ओळी खरडल्या. उत्तर पाहून चक्रावलोच. डायरीत जागोजागी 'ऊस'! आजोबांचा जन्म गेला रत्नागिरीत, तिथे कुठला आलाय एवढा ऊस? मूळ पान उघडलं तेव्हा उलगडा झाला. तो 'पाऊस' होता. काना गळला, 'प' एकीकडे पडला आणि उरला ऊस. तोच साचा पर्लमध्ये चालवला, तर पाऊस अख्खा!

हा साचा म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, लाडाने रेगेक्स. नेमका शब्द न देता 'सलग अक्षरं दिसतील ते तुकडे काढ' असं खुणांनी सांगायचं. खुणा सगळीकडे सारख्याच दिसतात, अर्थ मात्र बारा कोसांवर बदलतो.

सुरुवात गणितात झाली. १९५१ मध्ये स्टीफन क्लीनी रँड कॉर्पोरेशनमध्ये मज्जापेशींच्या जाळ्यांच्या गणिती प्रतिकृतींवर काम करत होता. 'हे कितीही वेळा' यासाठीची आपली चांदणी त्याचीच. १९६८ मध्ये केन थॉम्प्सनने हे गणित आयबीएम ७०९४ वर मजकूर शोधायला जुंपलं. त्याची युक्ती मला अजूनही सुंदर वाटते: सगळ्या शक्यता बरोबर घेऊन मजकूर एकदाच वाचायचा.

वाट फुटली १९८६ च्या सुमारास. हेन्री स्पेन्सरने बेल लॅब्जच्या लायब्ररीसारखी लायब्ररी स्वतः लिहून फुकट वाटली. तिची रीत वेगळी: एक वाट धरायची, भिंत लागली की मागे फिरून दुसरी. लॅरी वॉलने ती पर्लमध्ये घेऊन तिच्यावर मजले चढवले. १९९७ मध्ये केंब्रिजच्या फिलिप हेझलने पीसीआरई लिहिली आणि पर्लची बोली इतर भाषांतही पोचली.

गंमत बघा. 'राम किंवा रामदास' असा साचा देऊन 'रामदास' या शब्दावर चालवा. पर्लच्या घराण्यात 'राम' मिळतो, कारण तो आधी लिहिलाय. ग्रेप मात्र पॉसिक्स प्रमाण पाळून सर्वांत लांब, म्हणजे 'रामदास' देतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

मागे फिरण्याची किंमतही मोजावी लागते. २००७ मध्ये रस कॉक्सने दाखवलं, की २९ अक्षरांच्या एका मजकुरावर पर्लला साठ सेकंदांहून जास्त लागतात आणि थॉम्प्सनच्या रीतीला वीस मायक्रोसेकंद. २ जुलै २०१९ ला अशाच एका साच्याने क्लाउडफ्लेअरची सेवा २७ मिनिटं कोलमडली. गूगलची आरई२ (२०१०) थॉम्प्सनकडे परतली, पण त्यासाठी 'मघाशी सापडलं तेच पुन्हा' असं सांगायची सोय तिला सोडावी लागली.

असो, काना राहिलाच. युनिकोडच्या वर्गवारीत काना हे अक्षर नाही, 'चिन्ह' आहे. शब्दात चिन्हंही धरा, असं युनिकोडची रेगेक्सविषयीची मार्गदर्शिका सांगते. पर्ल ते पाळतं. पायथनची नेहमीची लायब्ररी फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर धरते. जावास्क्रिप्टची तीच खूण तर इंग्रजीपलीकडे बघतच नाही, तिथे आजोबांची अख्खी डायरी कोरी!

शेवटी पर्लनेच मोजलं. 'आणि'च्या खालोखाल 'पाऊस'. बाबांना फोनवर ही उसाची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "आजोबांना ऊस खायलाही आवडायचा नाही."