अमेरिकेत मतदारयादी कोणाच्या ताब्यात?

भारतात मतदारयाद्या निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली असतात. अमेरिकेत त्या राज्यांकडे असतात, आणि २०१७ चा वाद त्यावरूनच पेटला. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत लाखो बेकायदा मतं पडली, असा दावा डोनाल्ड ट्रम्प यांनी पुराव्याविना केला आणि चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाचे उपाध्यक्ष क्रिस कोबाक यांनी जूनअखेर राज्यांना पत्र पाठवलं. मतदारांची नावं, पत्ते, जन्मतारखा, पक्षनोंदणी, २००६ पासून कधी मतदान केलं याची नोंद, शिवाय सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्यांना हवे होते. कायद्याने जाहीर करता येईल तेवढंच द्या, असंही पत्रात होतं. तरी बँकेपासून करापर्यंत लागणाऱ्या क्रमांकाची मागणी लोकांना खटकली.

कॅलिफोर्नियाने साफ नकार दिला. पण हा निव्वळ पक्षीय विरोध नव्हता. मिसिसिपीच्या रिपब्लिकन अधिकाऱ्याने आयोगाला मेक्सिकोच्या आखातात उडी मारायला सांगितलं. कोबाक स्वतः कॅन्ससचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते. गंमत म्हणजे, त्यांनाही तिथल्या कायद्यामुळे ते चार आकडे देता येईनात. कोलोरॅडोत हजारो मतदारांनी धास्तावून नोंदणीच रद्द केली.

जानेवारी २०१८ मध्ये आयोग बरखास्त झाला. २०२५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने याद्या पुन्हा मागितल्या आणि न देणाऱ्या अनेक राज्यांना कोर्टात खेचलं.