शांतीचा चौक आणि बिरड्याचा सण

मागल्या वर्षी जून महिन्यात ऑकलंडची थंडी टाळून मी थोरल्या नातवासोबत रोमला गेले होते. त्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, असा आपला आग्रह झाला. मी इतिहासाची विदुषी नव्हे. सारा जन्म रुग्णांच्या खाटांपाशी गेलेली परिचारिका आहे. तेव्हा जे पाहिले आणि जे वाचले, तेवढेच सांगते.

प्राचीन रोमचा मुख्य चौक, ज्याला फोरम म्हणतात, तो टेकड्यांमधल्या खोलगट जागी आहे. मुळात ती दलदल होती. मोठे गटार काढून तिथले पाणी टायबर नदीत सोडले, तेव्हा कुठे बाजार, न्यायसभा आणि देवळे उभी राहिली. एवढ्या साम्राज्याचा आरंभ सांडपाण्याच्या व्यवस्थेपासून झाला, हे वाचून माझ्यातल्या परिचारिकेला फार समाधान वाटले. पुढे साम्राज्य लयाला गेले, चौक गाळामातीत बुजला आणि तिथे गुरे चरू लागली. आज दिसतात ते बरेचसे अवशेष गेल्या दोनशे वर्षांत उकरून काढलेले आहेत.

याच चौकातून इ. स. ७१ मध्ये वेस्पासियन आणि त्याचा पुत्र तीतस यांची विजययात्रा गेली. आदल्या वर्षी यरुशलेम पडले होते आणि पवित्र मंदिर जळाले होते. योसेफस हा इतिहासकार जातीने यहुदी, युद्धात रोमनांच्या हाती सापडलेला आणि पुढे त्यांच्याच आश्रयाने राहिलेला. तो लिहितो की, यात्रा टेकडीवरच्या देवळापाशी येऊन थांबली. आपला सेनानी सिमोन बार गियोरा याच्या गळ्यात दोर घालून त्याला चौकालगतच्या वधस्थानी नेले होते आणि त्याच्या मृत्यूची वार्ता येईपर्यंत सारे खोळंबले होते. वार्ता येताच जयघोष झाला. एका माणसाचा प्राण जाण्याची वाट पाहत मीही अनेक रात्री बसले आहे. पण जयघोषासाठी वाट पाहणारी ती गर्दी, त्या फरसबंदीवर उभी असताना, माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

चौकाच्या पूर्वेच्या टोकाला तीतसची कमान आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या भावाने उभारली. आतल्या एका बाजूस तीतस रथात आहे. दुसऱ्या बाजूस सात फाट्यांची मेनोरा, समक्षतेच्या भाकरीचे मेज आणि कर्णे खांद्यावर वाहून नेणारे लोक. काहींच्या हातात फलक आहेत, पण ते आज कोरे आहेत. काही वर्षांपूर्वी तज्ज्ञांना मेनोरेवर पिवळ्या रंगाचे कण आढळले, म्हणजे कधी काळी ती सोन्यासारखी रंगवलेली होती. १९४९ मध्ये इस्राएलने आपले राजचिन्ह ठरवताना हीच मेनोरा घेतली.

या कमानीखालून यहुद्यांनी जायचे नाही, अशी रोमच्या यहुद्यांची जुनी रीत. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा निर्णय झाला, तेव्हा मात्र ते तिथे जमले आणि विजययात्रेच्या उलट दिशेने कमानीखालून गेले. मी हे सांगत असता नातू म्हणाला, "आजी, पण आपण तर त्याच्या आधीच कोकणात पोचलो होतो ना? मग हे दुःख आपले कसे?"

प्रश्न रास्त होता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात पूर्वजांचे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे मानले आहे. ते खरे धरले, तर नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी मंदिर जळण्याच्या दोन शतके आधीची. मला लगेच उत्तर सुचले नाही. गुडघाही दुखत होता. आम्ही कमानीला वळसा घालून खाली उतरलो.

तिथून जवळच वेस्पासियनने इ. स. ७५ मध्ये आणखी एक चौक बांधला होता. मध्ये बाग, भोवती खांबांच्या ओसऱ्या, आणि नाव काय, तर शांतिमंदिर! यरुशलेमची सोन्याची पात्रे तिथे ठेवली होती, असे योसेफस सांगतो. आज त्या चौकाचा मोठा भाग मुसोलिनीने १९३२ मध्ये खुला केलेल्या रुंद रस्त्याखाली दडला आहे. कठड्याला टेकून आम्ही थोडे खांब पाहिले, एवढेच.

तिथे मला आईची आठवण झाली. त्याच पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या सेमुल्ला बंदराचे नाव येते. ते आपले चौल, असे विद्वान मानतात. आईचे माहेर चौलच्या शेजारचे, रेवदंड्याचे. तिचे आजोबा शनिवार तेली, शब्बाथाला घाणा बंद ठेवणारे. हनुक्का त्या घराण्यात पूर्वी माहीत नव्हता, पण आव महिन्याच्या नवमीचा उपास होता, आणि त्याचे नाव बिरड्याचा सण. तो पूर्वजांनी सोबत आणला की मागाहून आलेल्या गुरूंनी शिकवला, यावर वाद घालणारे घालोत. आईने तो कधी चुकवला नाही.

नातवाला मी एवढेच म्हटले की, वॉर्डात गावाकडचे नातलग कित्येकदा सारे आटोपल्यावर पोचत. म्हणून त्यांना कुणी दाराबाहेर उभे करीत नसे.

तो काही बोलला नाही. जुलैत आव महिना लागला, तेव्हा मी वाल भिजवले. इथल्या हिवाळ्यात त्यांना मोड येत नाहीत, म्हणून फडक्यात बांधून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवले. तिसऱ्या दिवशी नातू आला, माझ्यासमोर बसला आणि वाल सोलू लागला. अर्धे त्याने मोडले.