विषय आपला, पैसा दुसऱ्याचा : मेस्क्वाकी संशोधक विल्यम जोन्स

विल्यम जोन्स म्हटले की आपल्याकडे कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी आणि संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स आठवतात. हा धागा त्यांच्याविषयी नाही. हे दुसरे विल्यम जोन्स अमेरिकेतील फॉक्स या मूलनिवासी समाजाचे. हा समाज स्वतःला मेस्क्वाकी म्हणवतो. १९०४ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट दिली. या विषयात ती मिळवणारे ते पहिले मूलनिवासी अमेरिकन होते. त्यानंतर पाचच वर्षांनी फिलिपिन्समधील एका नदीकाठी त्यांची हत्या झाली. मेस्क्वाकी भाषेचा तज्ज्ञ तेथे कसा पोहोचला, याचे उत्तर संशोधनाच्या निधीत शोधावे लागते.

जोन्स यांचा जन्म १८७१ साली, आजच्या ओक्लाहोमात झाला. आई तान्हेपणीच वारली आणि फॉक्स आजीने त्यांना वाढवले. समाजाची भाषा व कथा कानावर पडल्या त्या तिच्यामुळे. आजीही गेल्यावर पुढचे बालपण निवासी शाळेत गेले. काही काळ त्यांनी गुरे राखली. पुढे ते हार्वर्डला पोहोचले ते वैद्यक शिकण्याच्या इराद्याने. तेथे प्राध्यापक फ्रेडरिक पटनम यांनी त्यांना मानववंशशास्त्राकडे वळवले आणि पुढील शिक्षणासाठी ते कोलंबियात फ्रान्झ बोआस यांच्याकडे आले.

आयोवातील टामा येथे मेस्क्वाकींची वसाहत आहे. १८५७ साली ही जमीन त्यांनी रीतसर विकत घेतली होती. सरकारने आखून दिलेल्या राखीव प्रदेशापेक्षा तिची कथा वेगळी आहे. जोन्स तेथे जात, वृद्धांकडून कथा ऐकत आणि त्या मूळ भाषेत उतरवून घेत. ज्या समाजाचा इतिहास लिखित दप्तरात नव्हे तर सांगणाऱ्याच्या स्मरणात असतो, तेथे ही टिपणे म्हणजेच कागदपत्रे. परक्या संशोधकाला दुभाष्या लागे. जोन्स यांना त्याची गरज नव्हती. १९०७ साली ‘फॉक्स टेक्स्ट्स’ हा त्यांचा संग्रह मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

या कामाला पैसा मिळाला, पण तुकड्यातुकड्यांनी. कधी सरकारी ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजीने खर्च दिला, कधी न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने. १९०३ ते १९०५ या काळात सुपीरियर सरोवराच्या परिसरातील ओजिब्वे समाजातील कामाला कार्नेगी इन्स्टिट्यूशनने आधार दिला. तो संपला आणि रस्ताही संपला. जोन्स यांना अल्गॉन्क्विअन भाषा बोलणाऱ्या समाजांतच काम पुढे न्यायचे होते, आणि बोआस यांचीही तीच इच्छा होती. परंतु १९०५ साली बोआस यांनी संग्रहालयातील पद सोडले होते, त्यामुळे त्यांच्या हातातील साधनेही आटली होती.

त्या काळी क्षेत्रकार्याचा मोठा खर्च संग्रहालये उचलत. संग्रहालयाला काचेच्या कपाटात मांडता येतील अशा वस्तू हव्या असत. वृद्धेने सांगितलेली कथा कपाटात मावत नाही. १९०६ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने जोन्स यांना परदेशी मोहिमेची नोकरी देऊ केली आणि त्यांनी फिलिपिन्स निवडले. हे बेट अमेरिकेने नुकतेच स्पेनकडून घेतले होते असे कुणी म्हणेल. वस्तुतः तो हजारो बेटांचा देश होता आणि त्याच्यावर ताबा मिळवण्यासाठी अमेरिकेने रक्तरंजित युद्ध केले होते. मोहिमेचा पैसा रॉबर्ट कमिंग्ज या शिकागोच्या व्यापाऱ्याचा होता. स्वतःचा समाज वसाहतवादाने पोळलेला असताना जोन्स येथे वसाहतीच्या सत्तेच्या बाजूने उभे होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

लुझोन बेटावर इलोंगोट समाजात त्यांनी वर्षभर काम केले. जमवलेल्या वस्तू नदीमार्गे खाली नेण्यासाठी बांबूचे तराफे हवे होते. गावकऱ्यांकडून ते वेळेवर मिळेनात, तेव्हा जोन्स यांनी एका वृद्धाला ओलीस धरल्यासारखे अडवून ठेवले. मार्च १९०९ च्या अखेरीस त्यांच्यावर हल्ला झाला. वय अवघे अडतीस. ज्या वस्तूंसाठी त्यांना तेथे पाठवले होते, त्यांच्या वाहतुकीच्या वादातच त्यांचा अंत झाला.

पुढच्याच वर्षी, १९१० साली, ब्यूरो ऑफ अमेरिकन एथ्नॉलॉजीने अल्गॉन्क्विअन भाषांसाठी ट्रुमन मायकेलसन यांना नोकरीत घेतले. ते मूलनिवासी नव्हते. उत्तम भाषाशास्त्रज्ञ मात्र होते. जोन्स यांनी लिहिलेले फॉक्स व्याकरण १९११ साली मायकेलसन यांनी सुधारून छापले, ओजिब्वे कथांचे दोन खंड १९१७ व १९१९ साली त्यांच्याच संपादनाखाली आले. फॉक्स समाजावरील जोन्स यांचे वर्णनात्मक लेखन तर १९३९ पर्यंत हस्तलिखितातच राहिले.

जोन्स यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी कोलंबियात एक मराठी विद्यार्थी दाखल झाला. भीमराव आंबेडकर यांना बडोदा संस्थानाकडून दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मिळत होते, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार होता. ९ मे १९१६ रोजी बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. विषय पूर्णपणे भारताचा होता.

२०२२ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. त्यासाठी लागणारी साधने व तज्ज्ञ देशातच आहेत, असे त्यामागचे म्हणणे. (आदिवासी विद्यार्थ्यांची परदेश शिष्यवृत्ती वेगळ्या मंत्रालयाकडे आहे.) या योजनेतील १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आणि ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी होत्या. पारधी, कैकाडी अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा पहिला कायदा १८७१ सालचा. ब्रिटिश राजवटीच्या त्या काळातील कागदपत्रांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे.