जमीन खचण्यापूर्वीच्या खुणा

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याच्या काळात, इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. ग्रॅनाइटमध्ये बांधलेले त्याचे शिखर ६० मीटरहून अधिक उंच आहे. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, दुसरे सरफोजी राजे यांच्या काळातील मराठी शिलालेखही याच मंदिरात आहे. ही भव्य वास्तू हजार वर्षे उभी असली, तरी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील प्रत्येक बांधकामाला तेवढे स्थैर्य लाभेलच असे नाही.

जमीन का हलते?

या प्रदेशातील गाळाच्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. ही माती सुकली की आकसते आणि भिजली की फुगते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले की कालवे भरू लागतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. महाराष्ट्रातील काळ्या मातीचा स्वभावही असाच आहे. पायाखालची माती सर्वत्र सारखी न खचता एका बाजूला अधिक खचली, तर इमारतीला धोका निर्माण होतो.

खोदकामातील खुणा

• चराच्या कडेला समांतर भेगा पडणे.
• भिंतीतून माती किंवा खडे सतत गळणे.
• भिंतीला फुगवटा येणे किंवा तळाची माती वर उचलली जाणे.
• तळातून वा बाजूने पाणी, विशेषतः गढूळ पाणी झिरपणे.
• आधाराच्या फळ्या वाकणे, त्यांतून कुरकुर ऐकू येणे.
• लगतचे खांब, झाडे किंवा कुंपण कलणे.

यांपैकी एकही खूण दिसताच कामगारांनी तात्काळ बाहेर पडणे आवश्यक असते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड ते दोन टन भरते. त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही गुदमरू शकतो. दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा, तसेच उपसलेली माती कडेपासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या अंतरावर टाकावी, असा दंडक आहे. पावसानंतर कामावर उतरण्यापूर्वी चराची पुन्हा पाहणी करावी.

धोका केवळ चरात उतरणाऱ्यांनाच असतो असे नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे मुसळधार पावसानंतर, बांधकामासाठी खोदलेल्या जागेलगतची एका गृहसंकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. झोपेत असलेल्या १५ जणांचा त्यात मृत्यू झाला. खोदकामाच्या कडेला किंवा उंच भिंतीच्या पायथ्याशी वस्ती असू नये, हा या दुर्घटनेचा धडा आहे.

उभ्या इमारतीतील खुणा

दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जाणे, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग चढत जाणे, दारे चौकटीत अडकू लागणे आणि जमीन व भिंत यांत फट पडणे ही पाया खचल्याची लक्षणे असू शकतात. गिलाव्यावरील केसासारखे बारीक तडे बहुधा निरुपद्रवी असतात. वाढत जाणारा तडा मात्र गंभीर मानावा. तड्यावर सिमेंटने काचेची पट्टी बसवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी फुटल्यास हालचाल सुरू असल्याचे समजावे आणि तडा बुजवण्याआधी संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. शेजारी खोदकाम सुरू असल्यास ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते.